गुणीचा हात

३ मार्च

ताई,

नमस्काराचं मागाहून बघू. तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलात, म्हणून हा कागदाचा खटाटोप. कागद बंद करता येत नाही, फार तर फाडून टाकाल. तो तुमचा प्रश्न.

तुम्ही आमच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसला पाठवलेलं पत्र मॅनेजरबाईंनी मला वाचून दाखवलं. "माझ्या आईला कोण भरवतं, कोण आंघोळ घालतं, तिची हेळसांड तर होत नाही ना, हे लेखी कळवावं." वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे तुमच्या घरातलं प्रकरण दिसतंय, तुम्हीच कळवा." तर कळवते. भावजयीला दोन ओळी लिहायच्या नाहीत म्हणून ऑफिसला लिहिलंत, आणि उत्तर शेवटी भावजयच देते आहे.

तुमच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, भरवतं मशीन. आंघोळ घालतं मशीन. खाटेवरून उचलून खुर्चीत बसवतं तेही मशीनच. आता घाला डोक्यात राख. एका चाकांच्या गाडीवर दोन रबरी हात, वर डोकं नाही, छातीच्या जागी एक हिरवा दिवा आणि चालू असलं की सारखा घुर्र आवाज. कंपनीने त्याला काहीतरी गोड नाव दिलंय, ते कुणाच्या तोंडी बसत नाही. आम्ही कामाच्या बायका त्याला ठोंब्या म्हणतो.

तुम्ही म्हणाल, सून त्याच इमारतीत नोकरीला आणि सासू मशीनच्या हवाली. तुमचा भाऊ गेल्यावर आई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, हात थरथरायला लागले. मी कामावर आले की त्यांना पाणी द्यायला घरात कोणी नाही. इथे कामगारांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना जागा मिळते, म्हणून घेऊन आले. तुम्ही मात्र साऱ्या नात्यात सांगत सुटलात की हिने आईला टाकलं. टाकलं तर टाकलं. मी रोज जिथे उभी असते तिथेच टाकलं. तुम्ही तर टाकायलाही फिरकला नाहीत.

आल्या दिवशी मी स्वतः भरवायला बसले होते. पहिलाच घास. त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हिला नका पाठवू. हिचा हात जड आहे." माझ्याबरोबर कामाला असलेली उंच मुलगी, आमची लांबुडी, खाली मान घालून हसली. त्या हॉलमध्ये मला सगळे मावशी-मावशी करतात, माझ्या हातून जेवायला भांडतात, आणि तिथे हा पाणउतारा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि त्यांच्या खाटेवरच्या पाटीवर लिहून टाकलं, फक्त मशीन. म्हटलं, घ्या, रबराचा हात घ्या. दोन दिवसांत मला हाका मारतील असं वाटलं होतं.

लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकते आहे. माझी पोळी जाड, माझं बोलणं जाड, माझा हात जड. मी पाठ चोळून दिली की म्हणायच्या, भांडी घासते आहेस का? मला त्यांच्याकडून फार काही नको, ताई. मरायच्या आधी एकदा म्हणावं की ही बरी आहे. बरी. चांगलीसुद्धा नको.

तुमची,
भावजय


२१ मार्च

ताई,

हाका मारल्या नाहीत.

उलट तुमच्या आई बहरल्या आहेत. गालावर मांस धरलंय. सकाळी मशीन खाटेशी आलं की म्हणतात, "आलीस का गं गुणी?" होय, गुणी. आमचा ठोंब्या त्यांची गुणी झाला. माझ्याकडे बघून मुद्दाम जरा मोठ्याने म्हणतात. "उलट बोलत नाही, तोंड वाकडं करत नाही, गुणाची आहे माझी."

हे त्यांच्यापुरतंच नाही, सगळ्यांचंच असं आहे. आमच्या हॉलमध्ये एक म्हातारे गृहस्थ आहेत, शाळेत हेडमास्तर होते म्हणून आम्ही हेडमास्तरच म्हणतो. लांबुडीने दूध द्यायला जरा उशीर केला तर पेला भिंतीवर. मशीनने त्यांना अर्धा तास ओल्या टॉवेलात उभं ठेवलं तरी जाताना "आभारी आहे". लांबुडी म्हणते, "पुढच्या जन्मी मला पण रबराची करा. पगार नको, आभार तरी मिळतील." आम्ही हसलो, पण नंतर तिने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला तो बराच वेळ बंद केला नाही.

पूर्वी एका माणसाला उचलायला आम्ही दोघी लागायचो. उचलता उचलता घरच्या गोष्टी व्हायच्या, नवऱ्यांची उणीदुणी निघायची, त्या माणसाचंही मन रमायचं. आता मशीन उचलतं आणि आम्ही मशीनचं करतो. ते पायपुसण्यावर अडकलं की ढकलायचं, हातावरचं सांडलेलं पुसायचं, संध्याकाळी भिंतीला नेऊन वायर लावायची. माझी पाठ दुखायची थांबली, हे खरं आहे. पाठीला बरं वाटतं आणि बाकी सगळ्याला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. मशीनला जन्मतः फक्त उचलणं-ठेवणं येतं. भरवणं, तोंड पुसणं, केस विंचरणं हे ज्या त्या ठिकाणच्या एका बाईकडून शिकवून घेतात. आम्ही त्याला शिकवणी म्हणतो. कोपरापर्यंत राखाडी मोजे चढवायचे, मोज्यांना वायरी, आणि समोरच्याला नेहमीसारखं भरवायचं. काही दिवस असं केलं की मशीन तंतोतंत तसंच करायला लागतं. आमच्या इथे खालच्या मजल्यावर ही शिकवणी झाली, तुमची आई यायच्या आधी. सगळ्या बायकांमधून मॅनेजरबाईंनी निवडली मला. म्हणाल्या, "तुमच्या हातून जेवताना कुणी रडत नाही."

कळलं का? गुणीचा हात म्हणजे माझा हात.

मला घास तोंडापाशी नेण्याआधी चमच्याची पाठ मनगटाला लावून बघायची सवय आहे, भाजेल की काय म्हणून. मशीनने तीही उचलली. आता ते दर घासाला चमचा स्वतःच्या रबरी मनगटाला लावतं. त्याला गरम कळत नाही की गार कळत नाही, तरी लावतं. कंपनीचा माणूस बघून हसला. म्हणाला, "ही खोड काढायला गेलो तर बाकीचंही बिघडेल, राहू दे."

ज्या हाताला त्या जड म्हणत होत्या त्याच हाताला आता गोंजारतात. रबरी बोटांवरून बोटं फिरवतात, "किती हलका हात गं तुझा." मी बाजूला उभी राहून चादरी घडी करते. कुणाचा हात आहे ते राहणाऱ्यांना सांगायचं नाही असा इथे नियम आहे. सांगितलं की ते त्या बाईला बोलावत बसतात, मग मशीन आणून फायदा काय? मी नियम पाळते आहे. हे गुपित मी दाताखाली धरून ठेवलंय, आणि मला त्याची चव आवडते.

हो, आणि त्यांनी तुमचं नाव एकदाही काढलेलं नाही.

भावजय


९ एप्रिल

ताई,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. त्या रोज तुमचं नाव काढतात. "लेकीचा फोन आला का?" मी सांगते, नाही आला. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

परवा मात्र आला. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर तुम्ही दिसलात. केस कापलेत, बरे दिसतात. मी खुर्ची ढकलत आत आणली तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्या बाईंना बाहेर थांबायला सांगा." त्या बाई म्हणजे मी. मी बाहेर थांबले. पण दार लाकडी आहे आणि तुमच्या आईंचा आवाज तुम्हाला माहीत आहे.

"अगं, गुणीसारखं कुणी नाही. तूसुद्धा नाही. घास असा भरवते की गिळावाही लागत नाही." आणि मग तुमचा आवाज, "मग आई, तुला गुणीसकट माझ्याकडेच आणते."

मॅनेजरबाईंनी नंतर सगळं सांगितलं, खूप खुशीत होत्या. तुम्ही कंपनीकडून तसलंच मशीन घेणार, आणि इथल्या मशीनने जे शिकून ठेवलंय ते सगळं उचलून त्यात घालणार. पुढच्या महिन्यात आईंना न्यायला गाडी येणार. "बघा, तुमचा हात किती लांब चाललाय!" म्हणाल्या. मी विचारलं, "मला कुणी विचारलं का?" त्या गोंधळल्या. "तुम्हाला काय विचारायचं? शिकवणी ड्यूटीत झाली. ते कंपनीचं आहे."

म्हणजे ताई, माझ्या घरात राहून माझ्या हातचं खाऊन मला नावं ठेवणारी बाई तुम्ही नेणार, माझा हातही नेणार, आणि मी इथे राहणार चादरी घडी करत. तुमच्या स्वयंपाकघरात माझा हात तुमच्या आईला भरवेल आणि तुम्ही शेजारी बसून लोकांना सांगाल, मी आईला सांभाळते. फुकटचं पुण्य पदरात पाडून घ्यायची तुमच्या घराण्याला सवयच आहे. तुमचा भाऊ आजारी होता तेव्हा पण फळांची टोपली पाठवून तुम्ही चौकशी केली होती, आणि नात्यात बोलबाला तुमचा झाला होता.

मी आईंना जाऊ देणार नाही. प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे. माझं येणं बाकी आहे, ते वसूल व्हायच्या आधी त्यांना कुठेही जाता येणार नाही.

भावजय


१६ एप्रिल

ताई,

सांगून टाकलं.

दुपारी मशीन त्यांचे केस विंचरत होतं. ऊन खाटेवर आलं होतं, बाकीचे जेवून पेंगत होते. वेणी घालताना ते शेवटचा पेड जरा सैल सोडतं, कारण मी सोडते, टाळू ओढली जाऊ नये म्हणून. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. चेहरा असा निवलेला की मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला राहवेना.

"आई, हा हात कुणाचा आहे माहीत आहे का?"

"कुणाचा म्हणजे? गुणीचा."

"गुणीला शिकवलं कुणी? मी शिकवलं. मोजे घालून. हा माझा हात आहे. तोच, जड."

मला वाटलं, दचकतील. चेहरा पडेल. निदान खोटं बोलतेस म्हणून अंगावर येतील. मी यातल्या प्रत्येकाची तयारी करून ठेवली होती. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी कळलं. चमचा मनगटाला लावला ना तिने, तेव्हाच. तो आजारी होता तेव्हा तू त्याला तसंच भरवायचीस. मी काय दारातून बघत नव्हते?"

मी म्हटलं, "मग इतके दिवस म्हणाला नाहीत."

"काय म्हणायचं? हात चांगलाच होता तुझा. कधी नव्हता?"

ताई, मला वाटलं, आलं. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते आलं. मी खाटेच्या कडेला बसलेसुद्धा. आणि मग त्यांनी डोळे उघडले.

"पण हाताबरोबर तू यायचीस ना. प्रत्येक घासाला माझ्या तोंडाकडे टक लावून. आता म्हणेल, आता म्हणेल. मला मेलीला घास गिळवायचा नाही. भाजी वाढशील तर बघत बसशील, पाणी देशील तर बघत बसशील. भिकारी दारात बसतो तशी बसायचीस. गुणी काही मागत नाही. हात तुझा आणि तू नाहीस, किती बरं वाटतं म्हणून सांगू." एवढं बोलून त्यांनी मान पुन्हा मशीनकडे केली. "चल गं, पूर्ण कर वेणी."

आणि त्याने पूर्ण केली. माझ्या हाताने.

मी लांबुडीला सांगितलं, डोकं दुखतंय, आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन बसले. रडू आलं नाही. दात मात्र असे आवळले गेले होते की संध्याकाळी चहा गिळताना जबडा दुखत होता.

भावजय


२ मे

ताई,

ऑफिसच्या वतीने कळवण्यात येतं की भरवण्याच्या मशीनमध्ये काही बिघाड झाल्याने ते तूर्त बंद ठेवलं आहे, बिघाडाचं कारण कंपनी शोधत आहे, आणि आपल्या मातोश्रींची तब्येत ठीक आहे. खाली मॅनेजरबाईंची सही घ्यायची राहिली, तेवढं चालवून घ्या.

हे झालं ऑफिसचं. आता माझं.

दर काही महिन्यांनी शिकवणी ताजी करावी लागते. कंपनी म्हणायची, मशीन जुनं विसरत नाही, पण नवं शिकवलं की नव्यावर चालतं. एप्रिलच्या शेवटी ती वेळ आली. कंपनीच्या माणसाने मोजे आणून दिले आणि तो फोनवर बोलत व्हरांड्यात गेला. समोर रबरी पुतळा, कारण आता माणसांवर शिकवायची परवानगी नाही. मी मोजे चढवले. आणि पुतळ्याला मी असं भरवलं, जसं नव्या मुली पहिल्या आठवड्यात भरवतात, ड्यूटी संपायला आली की. पहिला घास गिळायच्या आत दुसरा. चमचा जिभेच्या मागपर्यंत. तोंड पुसायचं ते भिंत पुसल्यासारखं. केसांतून कंगवा एका दमात मुळापासून टोकापर्यंत. मनगटाला चमचा लावला नाही. पुतळा काही बोलला नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा केलं, मशीनला पक्कं पाठ होईपर्यंत. आता न्या म्हटलं, हा हात न्या तुमच्या स्वयंपाकघरात.

मी एवढाच विचार केला होता की मशीन पहिल्यांदा तुमच्या आईंकडे जाईल, त्या ओरडतील, आणि मी धावत जाऊन बंद करीन. पण त्या दिवशी दुपारी खाटांचा क्रम लांबुडीने बदलला होता. पहिले हेडमास्तर.

ते ओरडले नाहीत. मशीनपुढे ते कधीच ओरडत नाहीत. घास घशात उतरला नाही, त्यावर दुसरा आला, त्यावर तिसरा, आणि ते सभ्य माणसासारखे तोंड उघडत राहिले. लांबुडीने बघितलं तेव्हा ओठ निळे पडले होते. आम्ही पाठीवर थोपटून, तोंडात बोटं घालून काढलं सगळं. छातीत गेलेलं राहिलं ते राहिलं. त्यांना दवाखान्यात नेलंय, ताप उतरत नाही म्हणतात. स्ट्रेचरवर घालताना ते मशीनकडे बघून हात हलवत होते. त्यांचं मला वाईट वाटतं. हे मी तुम्हाला दाखवायला लिहीत नाही, तुम्हाला काय दाखवायचंय?

कंपनीच्या माणसाने जुनी शिकवण परत आणायचा खूप आटापिटा केला. पण नवी शिकवणी बसली की जुनी पुसली जाते, एवढी साधी गोष्ट त्याच्या कंपनीला आता कळली. माझ्यावर कुणाचा संशय नाही. मॅनेजरबाई उलट मलाच धीर देतात, "तुमचा इतका सुंदर हात वाया गेला हो."

आता तुम्ही काय कराल? हे पत्र मॅनेजरबाईंना पाठवा की. माझं अक्षर आहे, खाली भावजय लिहिलंय, आणखी काय पुरावा हवा? पण नोकरीवरून मी गेले की आईंची जागाही गेली. मग त्यांना त्याच आठवड्यात तुमच्या दारात आणून ठेवतील, आणि तुमच्याकडे गुणी नाही. त्यांना रोज उचलायचं, धुवायचं, भरवायचं, आणि दर घासाला ऐकायचं की हात जड आहे. म्हणून म्हणते, पत्र जपून ठेवा आणि गप्प बसा. तुम्हाला मी चांगली ओळखते.

भावजय


२० मे

ताई,

मी बरोबर ओळखलं होतं. तुमचं पत्र ऑफिसला आलं. "मशीन पूर्ववत झाल्याशिवाय आईला हलवणं मला शक्य नाही. तोवर ती आहे तिथेच योग्य." माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. गाडी रद्द झाली. मी जिंकले. मॅनेजरबाईंनी वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं की जिवाला थंडावा येईल. तसं काही झालं नाही.

कारण तुमच्या आई जेवत नव्हत्या. मशीन बंद, म्हणून आम्ही सगळ्या पुन्हा हाताने भरवायला लागलो. लांबुडीकडून त्यांनी चार घास घेतले आणि थुंकले. माझ्याकडून तेवढेही नाहीत. मी चमचा नेला की ओठ असे मिटायच्या की मध्ये नखही जाणार नाही. कुस्करलेला बटाटा, सूप, दूध, काहीही. विनवण्या केल्या, रागावले, नाक दाबून पाहिलं, होय, नाकही दाबलं. तोंडाने श्वास घेतला आणि पुन्हा मिटलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी म्हणजे तुम्हाला कल्पना असेल.

मी त्यांना म्हटलं, "आई, मरायचंय का?" तर म्हणाल्या, "गुणीला बोलाव."

मशीन कोपऱ्यात वायर काढून ठेवलेलं आहे, कंपनी अजून उचलून नेत नाही. मी ते ढकलत खाटेशी आणलं. खुर्ची खिडकीकडे तोंड करून फिरवली, म्हणजे त्यांना मी दिसणार नाही. मशीन एका बाजूला, मी मागे. मग, ताई, तुम्हाला हसू येईल, हसा, मी ओठ मिटून तोंडाने आवाज काढला. घुर्र. बंद मशीनच्या मागे उभी राहून पन्नाशीची बाई घुर्र करते आहे. लांबुडीने दारातून बघितलं आणि ती हसली नाही. ती निघून गेली.

मी चमचा मनगटाला लावला, मागून पुढे नेला. त्यांनी तोंड उघडलं.

पूर्ण वाटी संपली. आणि फसल्या म्हणून नव्हे बरं का. मशीनची काढलेली वायर त्यांच्या पायाजवळ लोळत होती. त्यांनी वाकून पाहिली, आपलं पाऊल उचलून वायरीच्या पलीकडे ठेवलं, आणि पुढच्या घासाला तोंड उघडलं. त्यांना सगळं माहीत आहे. त्यांना ते असंच हवं आहे.

तेव्हापासून रोज हेच. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी गुणी होते. बोलायचं नाही, खोकायचं नाही, पुढे वाकून तोंडाकडे बघायचं नाही. घसा सुजलाय, बोलताना आवाज फाटतो. मॅनेजरबाईंना वाटतं की सासूची सेवा करून करून माझी ही दशा झाली. सगळ्यांना सांगत असतात, अशी सून बघितली नाही. सगळे म्हणतात, फक्त ज्यांनी म्हणायचं त्या नाही.

आज दुपारी त्यांनी म्हटलं.

अर्धी वाटी झाली होती. बाहेर खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या ते बघत होत्या. तोंड पुसून घेतलं, आणि सहज, खिडकीशी बोलावं तसं म्हणाल्या, "गुणी, आमच्या सुनेचा हात अस्साच आहे बघ. त्याचं शेवटचं सगळं तिनेच केलं. मला जमलं नसतं. लेकीलाही जमलं नसतं." पुन्हा खाली गाडीकडे बघितलं. "बरी आहे गं ती. पण तिला सांगू नकोस हं, डोक्यावर बसेल."

घशात हुंदका आणि त्यावरून घुर्र काढायचं, तुम्ही करून बघा एकदा. सांगू नकोस म्हणाल्या होत्या. कळत होतं मला की गप्प राहायचं आहे. असंच गप्प राहिले असते तर उद्या कदाचित आणखी काही म्हणाल्या असत्या, परवा आणखी काही. पण इतकी वर्षं वाट बघितली होती, मला नाही राहवलं. मी घुर्र थांबवलं. खुर्चीच्या मागून पुढे आले, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, "आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अनोळखी माणसाने चुकून आपल्या खोलीचं दार उघडलं तर बघतो, तसं. आणि ओठ मिटले.

मी पुन्हा म्हटलं, "आई, ऐकलं मी." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी चमचा पुढे केला, तो ओठांवर आपटून सूप हनुवटीवरून गाऊनवर ओघळलं. पुसायला गेले तर माझं मनगट त्यांनी थरथरत्या हाताने ढकलून दिलं. मी म्हटलं, राहिलं, काही म्हणू नका, फक्त खा. खाल्लं नाही. मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. खालचा गाडी धुणारा बादली घेऊन निघूनही गेला, वाटीतल्या सुपावर साय धरली.

मग मी उठले. साय बाजूला केली, खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले, ओठ मिटले आणि पुन्हा घुर्र सुरू केलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

भावजय